होरेस मॅन व गावची शाळा

गावची सार्वजनिक शाळा वाईट आहे, अशी तक्रार करणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण पडली नाही. शिक्षक वेळेवर येत नाही, छपरातून पाणी गळते, चौथीतल्या पोरास धड वाचता येत नाही, असे पेढीवर बसून सांगणारे गृहस्थ पुष्कळ भेटतात. मात्र खुद्द त्यांची मुले कोणत्या शाळेत जातात अशी पृच्छा केली, तर बहुधा संभाषणाचा विषय बदलतो. शाळा सरकारची, तेव्हा ती सुधारण्याचे कामही सरकारचेच, अशी समजूत एकदा करून घेतली म्हणजे मन हलके होते व खिसा हलका होत नाही. या समजुतीची कसोटी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लागली, आणि ती लावणारे गृहस्थ पेशाने वकील होते. त्यांचे नाव होरेस मॅन. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत हे नाव नेहमी येते. परंतु तेथे गौरव जितका आढळतो तितका तपशील आढळत नाही. आमच्या मते या चरित्रात तपशीलच मोलाचा आहे, म्हणून तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मॅन यांचा जन्म ४ मे १७९६ रोजी फ्रँकलिन नावाच्या लहानशा गावी झाला. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या नावावरून गावाचे नाव ठेविलेले, तेव्हा गावकऱ्यांनी त्या थोर पुरुषाकडे प्रार्थनामंदिरासाठी एक घंटा मागितली. फ्रँकलिन यांनी घंटेऐवजी पुस्तके पाठविली. ११६ ग्रंथांचा तो संग्रह गावाने १७९० साली रहिवाशांस विनामूल्य वाचावयास खुला केला. मॅन यांचे खरे शिक्षण याच पेटीतून झाले असे म्हणण्यास हरकत नाही. कारण गावच्या शाळेत त्यांस वर्षातून आठदहा आठवड्यांपेक्षा अधिक बसावयास मिळाले नाही. बाप शेतकरी, घरातील सर्व माणसे शेतावर राबत व फावल्या वेळी टोप्यांसाठी गवताच्या वेण्या वळीत. १८०९ साली क्षयाने वडील गेले. पुढच्या वर्षी वडील भाऊ स्टीफन तळ्यात बुडून मेला. रविवारी प्रार्थना चुकवून पोहावयास गेलेला तो मुलगा. तेव्हा गावच्या धर्मोपदेशकाने अंत्यविधीच्या वेळी सांत्वन करण्याऐवजी, पश्चात्तापावाचून मरणाऱ्याची काय गती होते याचे प्रवचन दिले. शोकाकुल मातेचा त्या वेळचा उसासा होरेसच्या मनातून पुढे कधी गेला नाही. मुलांस भीती घालून शहाणे करता येते या मताचे ते आयुष्यभर शत्रू राहिले, त्याचे मूळ येथे आहे.

सॅम्युएल बॅरेट नावाच्या फिरत्या पंतोजीकडे थोड्याच महिन्यांत लॅटिन व ग्रीक शिकून त्यांनी १८१६ साली प्रॉव्हिडन्स येथील ब्राऊन विद्यापीठात एकदम दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळविला व १८१९ साली ते पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाले. पुढे कनेक्टिकटमधील लिचफील्ड येथे कायद्याचा अभ्यास, १८२३ साली वकिलीची सनद, १८२७ साली राज्याच्या कायदेमंडळात निवड, असा त्यांचा चढता क्रम आहे. वेड्यांस तुरुंगात कोंडण्याची जी चाल होती ती मोडून वूर्स्टर येथे राज्याचे वेड्यांचे इस्पितळ १८३३ साली उघडले गेले, ते मुख्यतः त्यांच्या खटपटीने. १८३० साली त्यांनी विद्यापीठाच्या अध्यक्षांची कन्या शार्लट हिच्याशी विवाह केला. ती दोनच वर्षांत, १ ऑगस्ट १८३२ रोजी वारली. या आघातातून ते कित्येक वर्षे सावरले नाहीत. तथापि सार्वजनिक काम सुटले नाही, व १८३६ साली ते सेनेटचे अध्यक्ष झाले. पुढील पायरी गव्हर्नराची किंवा काँग्रेसची, असे त्यांच्या स्नेह्यांस वाटत होते. ती पायरी त्यांनी सोडली, ती कशासाठी हे समजण्यास तेथील शाळांची स्थिती प्रथम पाहिली पाहिजे.

मॅसॅच्युसेट्स हा प्रांत शिक्षणाबाबत मागासलेला मुळीच नव्हता. ज्या वस्तीत पन्नास कुटुंबे असतील तिने लिहावाचावयास शिकविणारा एक शिक्षक ठेविलाच पाहिजे, असा कायदा तेथे १६४७ सालीच झाला होता. मग बिघडले कोठे? १७८९ च्या कायद्याने गावांस आपली हद्द लहान लहान तुकड्यांत वाटून घेण्याची मुभा मिळाली. या तुकड्यांस तेथे डिस्ट्रिक्ट म्हणत. आपल्याकडील जिल्ह्याशी त्याचा काही संबंध नाही. आपली एखादी वाडी किंवा आळी डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे कल्पना येईल. आपण त्यास शाळाविभाग म्हणू. प्रत्येक विभागाची शाळा निराळी, पैसा निराळा, कारभारी निराळा. १८१७ साली या विभागांस स्वतःची मालमत्ता धारण करण्याचा अधिकार मिळाला, व १८२७ साली शिक्षक निवडण्याचा अधिकारही गावाच्या शाळा कमिटीकडून निघून विभागाच्या कारभाऱ्याकडे गेला. कमिटीने परीक्षा घ्यावी, पण माणूस कारभाऱ्याने आणावा. कारभारी आपला मेव्हणा किंवा भाचा आणी. आणि शाळा उघडण्याचा दिवस येऊन ठेपल्यावर त्यास नापास करण्याचे धैर्य कमिटीस होत नसे.

लोकांच्या हाती शाळा दिली की ती आपोआप सुधारते, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य पाहावा. येथे सत्ता अगदी लोकांच्या दारात होती, इतकी की चाळीस-पन्नास घरांच्या वस्तीस ती पुरून उरे. परंतु वस्तीचा रस शाळेपेक्षा कर कमी ठेवण्यात होता. शाळागृह कोठे बांधावे तर ज्या जागेचा दुसरा काही उपयोग होत नाही तेथे, रस्त्याच्या तिठ्यावर किंवा दलदलीच्या काठी. आत पाठ टेकावयास आधार नसलेली बाके, लहान मुलांचे पाय जमिनीस लागत नाहीत, हिवाळ्यात चुलीजवळ भाजून निघावे व खिडकीजवळ गारठावे. शिक्षक म्हणजे हिवाळ्यापुरता मोकळा झालेला एखादा तरुण, जो सर्वांत स्वस्त पडेल तो. आणि ज्यांच्या डोळ्यांस हे खुपले असते, त्या व्यापारी व श्रीमंत कुटुंबांनी आपली मुले खासगी अकॅडम्यांत घालून आपल्यापुरती सोय लावून घेतली होती. राज्यभर सार्वजनिक शाळांवर जो खर्च होई, त्याच्या तीनचतुर्थांशाइतकी रक्कम एकट्या खासगी शाळांच्या फीत जात होती. मॅन यांनी पुढे दाखवून दिले की, या माणसांच्या जाण्याने शाळेचे जे नुकसान होते ते नुसते पैशाचे नसते. बोलणारा, विचारणारा, गावसभेत उठून हिशेब मागणारा माणूसच शाळेतून निघून जातो. मागे राहतात त्यांस एक तर वेळ नसतो, किंवा त्यांच्या शब्दास वजन नसते.

जेम्स कार्टर नावाच्या एका शिक्षकाने कायदेमंडळात शिरून या विषयाचा पिच्छा पुरविला, उद्योगपती एडमंड ड्वाइट यांनी पाठबळ दिले, आणि गव्हर्नर एव्हरेट यांच्या कारकीर्दीत २० एप्रिल १८३७ रोजी राज्याचे शिक्षणमंडळ स्थापन झाले. या मंडळाच्या चिटणीसपदी मॅन यांची निवड झाली. वकिली बंद, सेनेटचे अध्यक्षपद बंद. वेतन आरंभी वर्षास १००० डॉलर, पुढे १५००, व त्यातूनच प्रवास व टपालखर्च भागवावयाचा. हाताखाली कारकूनही नाही. आणि अधिकार? वाचकहो, येथेच या चरित्राची खरी गंमत आहे. मंडळास एकही शिक्षक नेमण्याचा किंवा काढण्याचा, एकही पुस्तक लादण्याचा, एका पैचा कर बसविण्याचा अधिकार नव्हता. माहिती गोळा करावी व ती लोकांत पसरवावी, एवढेच कायद्यात लिहिले होते. आपल्याकडे एखाद्या अधिकाऱ्यास असे पद मिळाले असते, तर अधिकार नाही म्हणून काम झाले नाही, असा शेरा मारून तो मोकळा झाला असता.

मॅन यांनी घोड्यावर बसून राज्य पालथे घातले. प्रत्येक काउंटीत शिक्षणप्रेमी लोकांची सभा बोलवावी, व्याख्यान द्यावे, वाटेतील शाळा आतून पाहाव्या, असा क्रम १८३७ च्या शरद ऋतूत सुरू झाला व पुढे दरवर्षी चालला. काही ठिकाणी सभागृह भरे. काही ठिकाणी मूठभर माणसे येत, व त्याच दिवशी गावात राजकीय सभा असली तर तेवढीही येत नसत. १८४५ पासून शिक्षकांची अल्पकालीन संमेलने भरू लागली. त्यांपैकी पिट्सफील्ड येथे मॅन जाऊन पाहतात तो शाळागृह झाडलेलेही नाही. गव्हर्नर ब्रिग्ज त्याच गावचे. तेव्हा राज्याचे गव्हर्नर व शिक्षणमंडळाचे चिटणीस या दोघांनी हाती झाडू घेऊन खोली स्वच्छ केली व वेळेवर संमेलन सुरू केले, असा वृत्तान्त त्यांच्या पत्नीने लिहिलेल्या चरित्रात आहे. झाडू हाती घेऊन छायाचित्र काढविण्याची विद्या त्या काळी निघाली नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे.

परंतु व्याख्यानांपेक्षा अधिक काम केले ते आकड्यांनी. १८३८ साली कायदेमंडळाने असे ठरविले की, प्रत्येक गावच्या शाळा कमिटीने वर्षाच्या अखेरीस आपल्या शाळांची खरी स्थिती सांगणारा अहवाल लिहून गावापुढे ठेवावा, व त्याची एक प्रत चिटणीसाकडे पाठवावी; शाळेने हजेरीचे पुस्तक ठेवावे; व कमिटीच्या सभासदांस त्यांच्या वेळेचा मोबदला मिळावा. वरवर पाहता हे कारकुनी कलम. परंतु त्याचा परिणाम काय झाला पाहा. आजवर कोणत्या वाडीची शाळा किती आठवडे चालली, कोठे मास्तर मध्येच पळाला, कोठे चाळीस मुलांची नावे व पंधरांची हजेरी, हे कोणास ठाऊक नव्हते. ते आता शेजाऱ्यापाजाऱ्यांसमक्ष वाचले जाऊ लागले. मॅन या शेकडो अहवालांतील निवडक उतारे दरवर्षी छापून परत गावोगाव पाठवीत. त्याहून पुढे जाऊन त्यांनी कोष्टके तयार केली: शाळेत जाण्याजोग्या दर मुलामागे कोणते गाव किती खर्च करते, हे पाहून राज्यातील सर्व गावे क्रमाने लाविली. ज्या गावास आपण मोठे दानशूर आहोत असे वाटत होते, त्यास आपला क्रमांक शेजारच्या दरिद्री खेड्याच्या खाली आढळला. पुढच्या गावसभेत रक्कम वाढविण्यास कोणा इन्स्पेक्टराच्या धमकीची जरूर पडली नाही. व्यापारी वाचकांस हे सांगावयास नकोच: जमाखर्च उघडा पडला की माणसाची चाल सुधारते.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शिक्षणाच्या सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांस व्यवस्थापन समिती ठेवण्यास लावले आहे, तीत किमान तीनचतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या असा नियम आहे. शाळेच्या सुधारणेचा आराखडा करणे व पैशाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही कामेही समितीस दिली आहेत. मॅन यांच्याकडे होती त्याहून ही सत्ता कितीतरी अधिक! आपल्या आळीतील शाळेच्या समितीवर कोण कोण आहे, एवढे तरी आमच्या वाचकांपैकी किती जण सांगू शकतील, हे त्यांनीच मनाशी पाहावे.

असो. १८३८ च्या मार्चमध्ये शाळागृहांवर त्यांनी स्वतंत्र अहवाल लिहिला. त्यात खिडक्या, हवा, बाके, शेगडी यांचे इतके बारीक विवेचन आहे की एखाद्या सुताराने लिहिला असे वाटावे. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी शाळांविषयी एक पाक्षिक सुरू केले व दहा वर्षे स्वतः चालविले. १८४१ च्या पाचव्या अहवालात त्यांनी गिरणीमालकांस व व्यापाऱ्यांस प्रश्न पाठवून, शिकलेल्या व न शिकलेल्या मजुरांच्या कामात काय अंतर पडते हे विचारले. उत्तरे अर्थात शिक्षणाच्या बाजूची आली. शिकलेला मजूर अधिक कमावतो, यंत्र कमी मोडतो. ज्यांस विचारले ते आधीच अनुकूल होते, हे सोडून देता येत नाही. व विद्येची किंमत अशी तागडीत घालणे आम्हांस फारसे रुचत नाही. परंतु हा सर्वांत खालच्या पायरीचा युक्तिवाद आहे, हे मॅन यांनी त्याच अहवालात कबूल करून ठेविले आहे. ज्या माणसास जी भाषा कळते तीत त्याच्याशी बोलावे, हे वकिलास शिकवावे लागत नाही.

गृह सुधारले, पैसा वाढला, तरी शिकविणारा कोठून आणावा? ड्वाइट यांनी १०,००० डॉलर देऊ केले, अट एवढीच की राज्याने तितकीच भर घालावी. १८३८ साली राज्याने ती घातली. आणि ३ जुलै १८३९ रोजी लेक्झिंग्टन येथे अमेरिकेतील पहिले राज्य नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षकांस शिकविणारी शाळा, सायरस पीअर्स यांच्या हाती उघडले. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी आल्या तीन. त्या दिवशी पाऊस पडत होता व मॅन यांचे मन खट्टू झाले होते. परंतु पीअर्स यांनी त्या तिघींसच शिकविणे सुरू केले. सप्टेंबरात बॅर येथे व १८४० साली ब्रिजवॉटर येथे आणखी दोन शाळा निघाल्या. लेक्झिंग्टनची जागा अपुरी पडू लागल्यावर, १८४४ साली वेस्ट न्यूटन येथे एक इमारत १५०० डॉलरांस मिळत होती; ती रक्कम बोस्टनचे धाकटे जोसाया क्विन्सी यांनी दिली. मॅन यांनी आपला कायद्याचा ग्रंथसंग्रह विकून या शाळेची भर केली. परत वकिलीकडे वळण्याचा मार्ग त्यांनी असा स्वतःच्या हाताने बंद केला.

एवढ्या अवधीत विरोध संघटित झाला होता. १८४० साली खर्चात काटकसर करावी या हाकेवर निवडून आलेले नवे गव्हर्नर अधिकारावर आले, व कायदेमंडळाच्या एका कमिटीने शिक्षणमंडळ व नॉर्मल स्कुले दोन्ही बंद करावी अशी शिफारस केली. हे प्रशियाच्या राजेशाहीचे अनुकरण आहे, गावाची सत्ता राजधानीत चालली आहे, असा आक्षेप होता. आक्षेप पोकळ नव्हता. ज्यांनी राजसत्तेपासून आपली गावसभा राखली त्या लोकांस असे वाटणे साहजिक होते. मतदान झाले तेव्हा ठरावाच्या बाजूने १८२ व विरुद्ध २४५ मते पडून मंडळ वाचले. ज्या मंडळास तीन वर्षांपूर्वी कोणी ओळखतही नव्हते, त्याच्या बाजूस इतकी मते आली याचे कारण गावोगावच्या त्या सभा व ते अहवाल होत, असे आम्हांस वाटते.

दुसरा मोठा लढा बोस्टनच्या मास्तरांशी झाला. १ मे १८४३ रोजी मॅन यांनी मेरी पीबडी या सुविद्य स्त्रीशी दुसरा विवाह केला व त्याच दिवशी उभयता युरोपच्या प्रवासास निघाली. विवाहानंतरचा हा प्रवास शाळा, तुरुंग व इस्पितळे पाहण्यात गेला! परत येऊन त्यांनी सातवा अहवाल लिहिला. जर्मन शाळांत मास्तर उभा राहून, पुस्तक न पाहता, मुलांशी बोलत शिकवितो. मुलांस मारलेले किंवा शिक्षेने रडत असलेले आपण पाहिले नाही, असे त्यांनी नमूद केले. बोस्टनच्या ३१ मास्तरांनी हे आपल्यावर लिहिले आहे असे समजून १४४ पानांचे उत्तर छापले. छडीवाचून शाळा चालणार नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. मॅन यांनी प्रत्युत्तर दिले, मास्तरांनी पुन्हा दिले; या वादात मॅन यांची लेखणी कित्येक ठिकाणी तोल सोडते, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे. परंतु वाद शब्दांवर सुटला नाही. मॅन यांचे स्नेही डॉ. हौ हे बोस्टनच्या शाळा कमिटीवर निवडून आले, व १८४५ साली कमिटीने सर्व वरिष्ठ शाळांतील पहिल्या वर्गास छापील प्रश्न देऊन एकाच रीतीने लेखी परीक्षा घेतली. ज्या शाळांचा शहरास अभिमान होता त्यांच्या मुलांस पुस्तकातील वाक्ये पाठ होती, अर्थ मात्र कळत नव्हता, असे त्या परीक्षेत उघडकीस आले.

मॅन यांचे दोन दोष सांगितले नाहीत तर हे चरित्र स्तोत्र होईल. त्यांनी शाळेत कोणत्याही पंथाचे मत शिकवू नये, परंतु बायबल टीकेवाचून वाचावे, असा मार्ग काढला. प्रॉटेस्टंट पंथांतील कडव्या लोकांनी त्यांस नास्तिक म्हटले. परंतु खरी अडचण कॅथॉलिक आयरिश लोकांची होती. त्यांच्या दृष्टीने हे वाचनच परक्या पंथाचे होते, व पुढे त्यांनी आपल्या शाळा निराळ्या काढल्या. दुसरी गोष्ट याहून गंभीर. बोस्टन शहरात काळ्या मुलांस निराळ्या शाळेत बसवीत. विल्यम नेल व इतर काळ्या नागरिकांनी याविरुद्ध अर्ज केले, शाळेवर बहिष्कार घातला. बेंजामिन रॉबर्ट्स या छापखानेवाल्याने, आपल्या पाच वर्षांच्या सारा या मुलीस घराजवळच्या शाळा ओलांडून दूर जावे लागते म्हणून फिर्याद केली; चार्ल्स समनर व काळे वकील रॉबर्ट मॉरिस यांनी ती चालविली; १८५० साली न्यायालयाने ती फेटाळली. तरीही लोकांनी चळवळ सोडली नाही, व १८५५ साली राज्याने असा भेद कायद्याने बंद केला. चिटणीस असता मॅन यांनी या प्रश्नात आपले वजन टाकले नाही. एका लढ्यात दुसरा आणला तर दोन्ही हरू, असा त्यांचा हिशेब असावा. ज्यांच्या मुलांस दारातून परत पाठवितात त्यांस असा हिशेब पटत नसतो, आणि तो लढा त्या मुलांच्या आईबापांनीच जिंकला.

१८४६ चा दहावा अहवाल हा आमच्या मते मॅन यांच्या लेखनातील सर्वांत खोल. मला मूलबाळ नाही, किंवा माझी मुले खासगी शाळेत शिकली, मग दुसऱ्याच्या मुलांसाठी मी कर का द्यावा, असे विचारणाऱ्या श्रीमंतास त्यात उत्तर आहे. जमीन, पाणी, मागील पिढ्यांनी लावलेले शोध, बांधलेले रस्ते यांवाचून कोणाचीही संपत्ती उभी राहत नाही. तेव्हा ती मागून आलेली व पुढे द्यावयाची ठेव आहे, धनी हा तिचा विश्वस्त, आणि येणाऱ्या पिढीच्या शिक्षणाचा बोजा त्या ठेवीवर आधीपासूनच चढलेला आहे, असा त्याचा आशय. ज्याच्याकडे गहाणखते नेहमी येतात त्या सावकारास हा मुद्दा समजावयास वेळ लागू नये.

बारा वर्षांच्या अखेरीस काय झाले होते? सार्वजनिक शाळांसाठी होणारी तरतूद दुपटीहून अधिक झाली. शाळागृहांवर वीस लाख डॉलर खर्च झाले. पुरुष शिक्षकांचे वेतन शेकडा ६२ व स्त्रियांचे शेकडा ५१ वाढले. शाळा वर्षात सरासरी एक महिना अधिक चालू लागली. सुमारे पन्नास हायस्कुले निघाली. आणि ज्या खासगी फीचा वर उल्लेख केला, तिचे प्रमाण सार्वजनिक खर्चाच्या शेकडा ७५ वरून ३६ वर उतरले. सर्व आकड्यांत आम्ही या शेवटच्या आकड्यास अधिक मानतो. अकॅडमी बंद करण्याचा हुकूम कोणी काढला नव्हता. घराजवळची शाळा मुलास घालण्याजोगी झाली, म्हणून माणसे परत आली. व ती परत आली म्हणून शाळा आणखी सुधारली.

१८४८ साली माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स वारले व त्यांच्या जागी मॅन यांस काँग्रेसमध्ये पाठविण्यात आले. तेथे गुलामगिरीविरुद्ध ते ज्या त्वेषाने बोलले, तो चिटणीसपदाच्या काळात दाबून धरलेला होता असे दिसते. डॅनिएल वेब्स्टर यांच्यासारख्या आपल्याच राज्यातील मातब्बर पुढाऱ्याशीही त्यांनी वैर पत्करले. १८५२ साली गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत ते हरले. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने अमेरिकेतील पहिला सक्तीच्या शाळाहजेरीचा कायदा केला. पुढच्या वर्षी ते ओहायोतील यलो स्प्रिंग्ज येथे नव्या अँटिऑक कॉलेजचे अध्यक्ष झाले. स्त्रीपुरुषांस एकत्र व एकच अभ्यासक्रम, काळ्या विद्यार्थ्यांस प्रवेश, हे तेथील नियम. परंतु संस्थापकांनी पैशाची व्यवस्था इतकी ढिसाळ केली होती की १८५९ साली कॉलेजाचा लिलाव पुकारावा लागला. स्नेह्यांनी ते सोडविले खरे. पण त्या वर्षाच्या श्रमाने खंगलेले मॅन २ ऑगस्ट रोजी तेथेच वारले. त्यांचे शव पुढे प्रॉव्हिडन्स येथे नेऊन शार्लटच्या शेजारी पुरले.

त्यांच्या कामाचा एक धागा दूर गेला. १८४७ साली वेस्ट न्यूटन येथे त्यांस भेटून गेलेला सार्मिएंतो नावाचा निर्वासित १८६८ साली अर्जेंटिनाचा राष्ट्राध्यक्ष झाला, व त्याने मेरी मॅन यांच्या साहाय्याने अमेरिकेतून शिक्षिका नेऊन आपल्या देशात नॉर्मल स्कुले घातली.

घरी मात्र सारे सुरळीत नव्हते. मॅन यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, मार्च १८६० मध्ये, बेव्हर्ली गावच्या सभेने आपले हायस्कूल बंद करावे असा ठराव १४३ विरुद्ध २४९ मतांनी केला. भोवतालच्या गावांत जोडे शिवणाऱ्या कारागिरांचा मोठा संप चालू होता. हायस्कूल कायद्याच्या दडपणाने उघडलेले, त्यात कारागिरांची मुले फारशी जात नसत, कर मात्र सर्वांस पडे. विसाव्या शतकात मायकेल कॅट्झ या इतिहासकाराने ही मतपत्रिका उकरून काढून, वरून आलेली सुधारणा गरिबास आपली वाटली नव्हती असे दाखविले. आणि ज्या शाळाविभागांच्या कायद्यास मॅन राज्याच्या शाळांवरील सर्वांत अनिष्ट कायदा समजत, ते विभाग लोकांनी सहजी सोडले नाहीत. १८५९ साली ते रद्द केले, त्याच वर्षी पुन्हा आणले; १८६९ साली पुन्हा रद्द केले, १८७० साली ज्या गावास हवे असतील त्यास परत दिले. अखेर १८८२ साली ते कायमचे गेले. तेव्हा मॅन यांस जाऊन तेवीस वर्षे झाली होती.